वाचकांचे प्रश्न : जुन्या फ्लॉपी वाचण्याआधी आणि फॉरमॅट करण्याआधी

गेल्या काही महिन्यांत फ्लॉपींविषयी आलेली पत्रे एकत्र करून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे वेगवेगळ्या गावांहून आली असली तरी बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी सुरू होते. फ्लॉपी यंत्रात घातली की संगणक सांगतो, ही फॉरमॅट केलेली (म्हणजे मजकूर ठेवण्यासाठी आखलेली) नाही, आता करायची का? म्हणून त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

प्रश्न : वडिलांनी १९९३ ते १९९७ या काळात लिहिलेले लेख साडेतीन इंची फ्लॉपींवर आहेत. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह विकत आणला. काही फ्लॉपी उघडल्या, पण सात-आठ फ्लॉपींच्या बाबतीत संगणक फॉरमॅट करण्याची परवानगी मागतो. या फ्लॉपी कोऱ्या आहेत असे समजायचे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच समजू नका, आणि परवानगीही देऊ नका. या संदेशाचा खरा अर्थ एवढाच, की संगणकाला फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरात, म्हणजे चकतीवरच्या पहिल्या छोट्या खणात, जे सापडायला हवे होते ते सापडले नाही. फ्लॉपी दुसऱ्या प्रणालीवर तयार झालेली असेल, पहिलाच सेक्टर खराब झाला असेल किंवा ड्राइव्हचे हेड, म्हणजे चकती वाचणारे आणि लिहिणारे टोक, मळलेले असेल, तरीही संदेश हाच येतो.

सर्वप्रथम प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी सरकती पट्टी अशी सरकवा, की तिथले भोक उघडे दिसेल. साडेतीन इंची फ्लॉपीत उघड्या भोकाचा अर्थ ‘लिहिण्यास मनाई’ असा आहे. ही खबरदारी केवळ चुकीचे बटण दाबले जाईल म्हणून नाही. विंडोज ९५ आणि तिच्या पुढच्या एक-दोन आवृत्त्या फ्लॉपी नुसती वाचायला घातली तरी तिच्या पहिल्या सेक्टरात ओळखीसाठी स्वतःची खूण लिहीत असत. जुना संगणक मिळवून त्यावर फ्लॉपी पाहणार असाल, तर हे ध्यानात ठेवा.

आता फ्लॉपीची रचना पाहू, म्हणजे आशा का सोडायची नाही ते कळेल. १.४४ एमबीच्या फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूस ८० ट्रॅक (गोल पट्टे), प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरात ५१२ बाइट असतात, म्हणजे एकूण १४,७४,५६० बाइट. यातला पहिला सेक्टर फ्लॉपीची ओळख सांगतो. त्यानंतर कोणती फाइल कोणकोणत्या तुकड्यांत आहे याचा तक्ता नऊ-नऊ सेक्टरांच्या दोन प्रतींत असतो आणि पुढच्या १४ सेक्टरांत फाइलींच्या नावांची यादी असते. हे सारे मिळून ३३ सेक्टर होतात आणि ते सगळेच्या सगळे चकतीच्या सर्वांत बाहेरच्या कडेला, पहिल्याच ट्रॅकच्या दोन बाजूंवर मावतात. म्हणून तेवढ्या कडेला ओरखडा आला की संगणकाच्या दृष्टीने अख्खी फ्लॉपी निरर्थक ठरते, जरी आतल्या ७९ ट्रॅकवरचा मजकूर शाबूत असला तरी. तुमच्या वडिलांचे लेख त्या आतल्या भागातच असणार.

‘होय’ म्हटले असते तर काय झाले असते, हेही सांगतो. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त बाहेरचा तक्ता आणि यादी पुसली जाते, मजकूर बराचसा जागेवर राहतो. पूर्ण फॉरमॅटमध्ये मात्र प्रत्येक ट्रॅक नव्याने आखला जातो आणि प्रत्येक सेक्टरात एकच ठरावीक बाइट भरली जाते. त्यानंतर घरगुती उपायांनी काहीही परत मिळत नाही. डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीपासून साधा फॉरमॅट जुना मजकूर सांभाळून ठेवत असे, त्यामुळे अनेक जुन्या जाणत्यांच्या मनात ‘फॉरमॅट झाले तरी परत आणता येते’ असा समज घट्ट बसला आहे. आजच्या संगणकावर त्या समजावर विसंबून राहू नये.

पुढचा मार्ग असा आहे. फ्लॉपीतल्या फाइली एकेक करून उचलू नका, तर आधी संपूर्ण फ्लॉपीची सेक्टरागणिक प्रत, म्हणजे इमेज फाइल, तयार करा आणि नंतरचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. लिनक्सवरचा ‘डीडीरेस्क्यू’ हा कार्यक्रम (प्रोग्रॅम) याच कामाचा आहे. जे सहज वाचता येते ते तो आधी उचलतो आणि अडलेल्या सेक्टरांकडे मागाहून पुन्हा पुन्हा वळतो. प्रत १४,७४,५६० बाइटांची झाली, म्हणजे आकार बरोबर आहे. त्यातला तक्ता तुटलेला असेल, तर ‘फोटोरेक’सारखा कार्यक्रम नावांची यादी न पाहता मजकुराच्या खुणांवरून फाइली शोधून काढतो. नावे हरवतात, लेख मिळतात.

एका ड्राइव्हवर जमले नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर करून पाहा. ज्या ड्राइव्हचे हेड किंचित सरकलेले होते, त्यावर लिहिलेली फ्लॉपी नीट बसवलेल्या ड्राइव्हला अनेकदा वाचता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका संचातल्या अकरा फ्लॉपींपैकी चार फ्लॉपी तिसऱ्या ड्राइव्हवरच वाचता आल्या, आणि तो ड्राइव्ह एका जुन्या संगणकाच्या सांगाड्यातून काढलेला होता. यूएसबी ड्राइव्ह सोयीचा असला तरी त्याला एक-दोन ठरावीक मांडण्यांपलीकडे काही कळत नाही. जुन्या संगणकाच्या पोटातला, ३४ पिनांच्या पट्टीने जोडलेला ड्राइव्ह मिळाला तर तो जपून ठेवा.

प्रश्न : फ्लॉपींच्या चकतीवर पांढुरके ठिपके दिसतात. पुसून घातल्या तर चालतील का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ती बुरशी आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या फ्लॉपींवर ती हटकून दिसते. तशीच फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडवर चिकटते, फिरणाऱ्या चकतीवर गोल चरे उमटतात आणि पुढे घातलेली चांगली फ्लॉपीही त्याच हेडखाली खरवडली जाते. म्हणून फ्लॉपी घालण्याआधी धातूची पट्टी सरकवून, चकती हाताने फिरवत, दोन्ही बाजू उजेडात पाहाव्यात.

ठिपके असतील तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, तंतू न सोडणाऱ्या बोळ्याने चकती अगदी हलक्या हाताने पुसावी. बुरशी जास्त असेल तर कवच उघडून चकती बाहेर काढावी, स्वच्छ करून पूर्ण वाळवावी आणि चांगल्या फ्लॉपीच्या कवचात घालावी, कारण जुन्या कवचातल्या अस्तरातही बुरशी असते. बोळ्यावर तपकिरी रंग उतरू लागला तर तिथेच थांबा. तो मळ नसून चुंबकीय लेपच सुटू लागलेला असतो. स्वच्छ केलेली फ्लॉपी लगेच, पहिल्याच खेपेला इमेजसाठी वाचावी आणि प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसावे. अशा फ्लॉपींसाठी एक वेगळा ड्राइव्ह बाजूला काढलात तर बाकीचे वाचतील.

प्रश्न : आमच्या शाळेत सव्वापाच इंची फ्लॉपींचे दोन डबे सापडले. काही फ्लॉपी ३६० केबीच्या आहेत, तर काही १९८०च्या दशकात शाळेत आलेल्या बीबीसी मायक्रो संगणकाच्या आहेत. १.२ एमबीचा ड्राइव्ह मिळाला आहे. त्यावर या वाचता येतील का, आणि ३६० केबीच्या फ्लॉपी पुन्हा वापरता येतील का? – एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : ३६० केबीच्या फ्लॉपी त्या ड्राइव्हवर वाचता येतील, मात्र त्यांवर काहीही लिहू नका. ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये एका बाजूस ४० ट्रॅक असतात, तर १९८४ साली आयबीएमच्या पीसी एटीबरोबर आलेल्या १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये तेवढ्याच जागेत ८० ट्रॅक बसवलेले आहेत. म्हणजे त्याचे हेड निम्म्याच रुंदीचे आहे. वाचताना ते रुंद ट्रॅकच्या मधून जाते, त्यामुळे अडत नाही. लिहिताना मात्र रुंद पट्ट्याच्या मधोमध एक अरुंद रेघ उमटते आणि दोन्ही कडांना जुना मजकूर तसाच राहतो. पुढे ती फ्लॉपी खऱ्या ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये गेली की त्याचे रुंद हेड नवे आणि जुने एकदमच ऐकते आणि गोंधळते. लिहायचेच असेल तर पूर्ण कोरी, कधीही न वापरलेली फ्लॉपी घ्यावी. सव्वापाच इंची फ्लॉपीत लिहिण्यास मनाई करण्याची पद्धत साडेतीन इंचीच्या उलट आहे. तिथे कडेची चौकोनी खाच चिकटपट्टीने झाकावी लागते.

आणखी एक सावधगिरी ठेवा. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीची म्हणून फॉरमॅट करण्याचा मोह टाळा. दोन्हींच्या चुंबकीय लेपात मोठा फरक आहे. जास्त क्षमतेच्या फ्लॉपीचा लेप सुमारे दुप्पट तीव्रतेच्या क्षेत्राची अपेक्षा ठेवतो, आणि साध्या लेपावर तसे लिहिलेले फार काळ टिकत नाही.

बीबीसी मायक्रोची गोष्ट निराळी आणि माझ्या मते अधिक मोलाची आहे. १९८४च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून हे संगणक देशभरातल्या शाळांत पोचले आणि अनेक मुलांनी संगणकाचा पडदा प्रथम तिथेच पाहिला. विद्यार्थ्यांनी लिहिलेले कार्यक्रम या फ्लॉपींवर असतील, तर तो तुमच्या शाळेचा दप्तरी ठेवा आहे. या फ्लॉपींवर साधारणपणे एका ट्रॅकला २५६ बाइटांचे १० सेक्टर असतात. ४० ट्रॅकच्या एका बाजूवर त्यामुळे १०० केबी आणि ८० ट्रॅकच्या बाजूवर २०० केबी मावतात, आणि यादीत फक्त ३१ फाइलींची नावे राहू शकतात. मुख्य अडचण अशी, की त्यांवर ‘सिंगल डेन्सिटी’ या जुन्या पद्धतीने लिहिलेले असते आणि अनेक पीसींच्या, ड्राइव्ह चालवणाऱ्या नियंत्रकांना ती पद्धत येत नाही. डॉस किंवा विंडोज तर ही फ्लॉपी फॉरमॅटच नाही असे म्हणणार.

यावर उपाय आहे. ‘ग्रीझविझल’ किंवा ‘क्रायोफ्लक्स’ यांसारखी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी एका बाजूने ३४ पिनांच्या ड्राइव्हला आणि दुसऱ्या बाजूने यूएसबीला जोडली जाते. ती सेक्टर शोधत बसत नाही, तर चकती फिरताना चुंबकीय दिशा कधी कधी बदलली याच्या वेळा टिपून घेते. अर्थ लावण्याचे काम नंतर संगणकावर होते, त्यामुळे फ्लॉपी कोणत्या यंत्राची हा प्रश्न वाचनाच्या आड येत नाही. तुमचा १.२ एमबीचा ड्राइव्ह या पाटीला चालेल, मात्र ४० ट्रॅकच्या फ्लॉपीसाठी हेड दोन-दोन पावले टाकेल असे आज्ञेत सांगावे लागते. तयार झालेली प्रत बीबीसी मायक्रोची नक्कल करणाऱ्या एम्युलेटर प्रोग्रॅममध्ये उघडते आणि मुलांचे कार्यक्रम पुन्हा चालतात.

प्रश्न : येथील मराठी मंडळाची जुनी वार्तापत्रे मॅकिंटॉशवर तयार होत असत. त्या फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हवर उघडत नाहीत. काही तर ड्राइव्हला दिसतसुद्धा नाहीत. – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आधी फ्लॉपींच्या दोन राशी करा. ज्यांच्या दोन्ही कोपऱ्यांत भोके आहेत त्या जास्त क्षमतेच्या, आणि एकच भोक असलेल्या ४०० किंवा ८०० केबीच्या.

एका भोकाच्या फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हला कधीच वाचता येणार नाहीत, त्यामुळे ड्राइव्ह बदलत बसू नका. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये चकतीचा वेग हेडच्या जागेप्रमाणे बदलत असे. बाहेरच्या १६ ट्रॅकवर प्रत्येकी १२ सेक्टर, त्यापुढच्या १६ ट्रॅकवर ११, मग १०, ९ आणि सर्वांत आतल्या १६ ट्रॅकवर ८ सेक्टर. बेरीज केली तर एका बाजूस ८०० सेक्टर, म्हणजे बरोबर ४०० केबी होतात. १९८६पासून दोन्ही बाजू वापरात आल्या आणि ८०० केबी झाले. बाहेरचा परीघ मोठा असतो, तिथे जास्त मजकूर मावला पाहिजे, हा विचार उत्तम होता. पण पीसीचा ड्राइव्ह एकाच वेगाने फिरतो, शिवाय मॅकची लिहिण्याची सांकेतिक पद्धतही वेगळी होती. ग्रीझविझलसारखी पाटी साध्या पीसी ड्राइव्हवरून या फ्लॉपी वाचू शकते, कारण वेगातला फरक वेळांच्या हिशेबात नंतर सोडवता येतो. अंगचा फ्लॉपी ड्राइव्ह असलेला जुना मॅक मंडळातल्या कुणाच्या तळघरात असेल तर तोही चालेल. १९९८च्या आयमॅकमध्ये मात्र तो ड्राइव्ह काढून टाकला होता.

दोन भोकांच्या फ्लॉपींवर १९८८नंतरचे १.४४ एमबीचे मॅक फॉरमॅट असेल, तर त्या यूएसबी ड्राइव्हला वाचता येतात. विंडोज त्यांना कोऱ्या म्हणेल, कारण फाइलींची मांडणी मॅकची आहे. आजच्या मॅकवरही त्या उघडणार नाहीत, कारण २०१९च्या ‘कॅटलिना’ या मॅक प्रणालीपासून ती जुनी मांडणी काढून टाकली आहे. लिनक्सवर इमेज घेऊन ‘एचएफएस यूटिल्स’ने त्या उघडता येतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण मराठी मजकुरासाठी ती कळीची आहे. जुन्या मॅकवर प्रत्येक फाइलीला दोन कप्पे असत आणि फॉन्टचा सारा ऐवज त्यातल्या दुसऱ्या कप्प्यात असे. फाइल साध्या पद्धतीने विंडोजवर उतरवली की दुसरा कप्पा गळून पडतो, आणि वार्तापत्राचा देवनागरी फॉन्ट शून्य बाइटांचा दिसतो. म्हणून आधी संपूर्ण फ्लॉपीची इमेज घ्या आणि फॉन्ट त्या इमेजमध्येच राहू द्या.

प्रश्न : फ्लॉपी उत्तम वाचल्या गेल्या, पण फाइलीत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइली बिघडल्या का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान सांकेतिक पद्धत रुळण्यापूर्वी श्री-लिपी, आकृती आणि सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या पॅकेजांत मराठी लिहिले जाई, आणि त्यांतले बरेचसे फॉन्ट काना, वेलांटी, अर्धे अक्षर असे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत. तो फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी अक्षरेच दिसतात. त्यामुळे ज्या संगणकावर मजकूर तयार झाला त्याच्या फॉन्ट फाइली सापडल्या तर त्या लेखांइतक्याच जपा. मूळ फाइल नव्या वर्डमध्ये उघडून तिच्याच नावाने साठवू नका.

काही मजकूर ‘इस्की’ या भारतीय प्रमाणात असेल, जे १९९१ साली मानक म्हणून ठरले. तिथे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणून युनिकोडमध्ये नेणे सोपे जाते. तुकड्यांच्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो, कारण तिथे दिसण्याचा क्रम पाळलेला आहे. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाला हा क्रम उलटवावा लागतो आणि नेमक्या तिथेच चुका होतात. रूपांतरानंतर ‘र्‍या’, ‘र्थि’, ‘ष्ट्र’ अशा ठिकाणी डोळ्यांनी मुद्रितशोधन करण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्न : आमच्या कारखान्यातल्या जुन्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) यंत्राला ७२० केबीचीच फ्लॉपी लागते. नव्या मिळत नाहीत. १.४४ एमबीची फ्लॉपी ७२० केबीची म्हणून फॉरमॅट केली, तर ती संगणकावर चालते आणि यंत्रावर कधी चालते, कधी नाही. – एक वाचक, भोसरी

उत्तर : तुमची गरज खरोखरच फॉरमॅट करण्याची आहे, म्हणून त्याचे नीट सांगतो. सोनीने २०११ साली जपानमध्ये विक्री थांबवल्यापासून नव्या फ्लॉपी दुर्मीळ झाल्या आहेत, आणि ७२० केबीच्या तर त्याआधीच दिसेनाशा झाल्या होत्या.

१.४४ एमबीच्या फ्लॉपीचे दुसरे भोक हे ड्राइव्हला क्षमता सांगण्यासाठी असते. ते उघडे ठेवून ७२० केबीचे फॉरमॅट केले की एक ड्राइव्ह भोकावर विश्वास ठेवतो आणि दुसरा ठेवत नाही, म्हणून कधी चालते आणि कधी नाही. भोकावर दोन्ही बाजूंनी अपारदर्शक चिकटपट्टी लावा. ती इतकी पातळ हवी की आत सुटून अडकणार नाही. त्याआधी फ्लॉपी मोठ्या चुंबकाने पूर्ण पुसून घ्या, कारण जास्त क्षमतेचे जुने लेखन साध्या क्षमतेच्या लेखनाने पुरते झाकले जात नाही. मग विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) फॉरमॅटची आज्ञा देताना ट्रॅक ८० आणि सेक्टर ९ असे स्पष्ट सांगा. लिनक्सवर यूएसबी ड्राइव्हसाठी ‘यूएफआयफॉरमॅट’ आहे. यंत्राच्या पडद्यावर फॉरमॅटची सोय असेल, तर मी तिलाच पहिली पसंती देईन, कारण ज्या हेडने पुढे वाचायचे आहे त्याच हेडने ट्रॅक आखले जातात.

साडेतीन इंची फ्लॉपींच्या लेपातला फरक सव्वापाच इंचीएवढा मोठा नसल्यामुळे ही युक्ती चालते, पण कारखान्याचे रोजचे काम तिच्यावर कायमचे सोपवू नये. आज वाचता येणाऱ्या प्रत्येक फ्लॉपीची इमेज काढून दोन ठिकाणी ठेवा. ७२० केबीच्या फ्लॉपीची इमेज ७,३७,२८० बाइटांची असते. त्यानंतर ‘गोटेक’सारखा पेनड्राइव्ह घेणारा नकली फ्लॉपी ड्राइव्ह बसवता येतो. तो त्याच ३४ पिनांच्या जोडणीवर बसतो आणि यंत्राला तो फ्लॉपी ड्राइव्हच वाटतो. घेताना तो ७२० केबी चालवतो का ते पाहा. यंत्र ३४व्या पिनेवर कोणत्या संकेताची वाट पाहते, हेही यंत्राच्या माहितीपुस्तिकेत तपासा, कारण पीसी तिथे चकती बदलल्याचा संकेत घेतो, तर काही औद्योगिक यंत्रे ड्राइव्ह सज्ज असल्याचा. ड्राइव्हवरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) त्याप्रमाणे बदलावा लागतो. जुना ड्राइव्ह काढल्यावर टाकून मात्र देऊ नका. नव्या जोडणीवर सगळे प्रोग्रॅम एकदा चालून दिसेपर्यंत तो खोक्यात घालून यंत्राजवळच ठेवा.